फ्रिज उघडायला हातमोजे: केमोचे सहा महिने आणि आमचं घर

२ जून २०२५ ला सकाळी नाश्ता झाल्यावर शेवटच्या गोळ्या घेतल्या आणि माझी मोठ्या आतड्याच्या कॅन्सरची केमो संपली. त्याआधीचे जवळजवळ सहा महिने आमच्या घरात काय काय चाललं होतं ते लिहायचं असं मी मधेच कधीतरी ठरवून ठेवलं होतं, कारण डिसेंबरमध्ये मी स्वतः मराठीत काही वाचायला मिळतंय का बघत होते तेव्हा जे मिळालं ते बहुतेक केस गळण्याबद्दल आणि उलट्यांबद्दल होतं. माझे केस विरळ झाले पण गेले नाहीत, आणि उलट्याही फार झाल्या नाहीत. मला त्रास झाला तो गार पाण्याचा, स्टीलच्या भांड्यांचा आणि स्वतःच्याच तळहातांचा. हॉस्पिटलला तीन आठवड्यांतून एकदा जायचं, तेही अर्धा-पाऊण दिवस. बाकी सगळी केमो घरातच होते, ओट्यापाशी, बाथरूममध्ये, दाराची कडी लावताना. म्हणून घरातल्याच गोष्टी जास्त लिहितेय.

आम्ही नाशिकला सिडकोत राहतो. हे अंबडला कंपनीत, शिफ्टची ड्युटी. घरात सासूबाई आणि बारावीतली मुलगी. मी घरीच ब्लाऊज शिवते, फॉल-पिको करते, बरीच वर्षं झाली.

आजाराचं थोडक्यात सांगते. २०२४ च्या गणपतीनंतर शौचातून रक्त जायला लागलं. फॅमिली डॉक्टरांनी आधी मूळव्याधीचं औषध दिलं आणि पंधरा दिवसांत थांबलं नाही तेव्हा त्यांनीच कोलोनोस्कोपी करून घ्या म्हणून चिठ्ठी दिली. मोठ्या आतड्यात डाव्या बाजूला गाठ निघाली. बायोप्सी, सीटी स्कॅन, आणि दिवाळी झाल्यावर लगेच ऑपरेशन. आतड्याचा तेवढा भाग काढून दोन्ही टोकं जोडली, पोटाला पिशवी लावावी लागली नाही. पण काढलेल्या भागाच्या रिपोर्टमध्ये चारपेक्षा जास्त लिम्फ नोडमध्ये (लसिका ग्रंथींमध्ये) कॅन्सर होता, म्हणजे तिसरी स्टेज, म्हणजे केमो घ्यायचीच. डॉक्टरांनी कागदावर कॅपॉक्स असं लिहून दिलं. त्यात एक ऑक्झॅलिप्लॅटिन, ते सलाईनमधून, पहिल्या दिवशी, दोन तास. दुसरं कॅपेसिटाबिन, त्या गोळ्या, घरी घ्यायच्या, चौदा दिवस सकाळ-संध्याकाळ, मग सात दिवस सुट्टी. असं एकवीस दिवसांचं एक सायकल, आणि अशी आठ. ऑपरेशननंतर सहा ते आठ आठवड्यांत सुरू व्हायला पाहिजे, उगाच लांबवू नका, हेही त्यांनी दोनदा सांगितलं.

यांना एकदा टाटाला दाखवावं असं वाटत होतं, मलाही. पंचवटी एक्सप्रेसने परळला गेलो, दिवसभर थांबलो, सगळे रिपोर्ट आणि बायोप्सीच्या ब्लॉक-स्लाइड, म्हणजे काढलेल्या तुकड्याचे नमुने, सोबत नेल्या होत्या (हे आपल्या लॅबमधून आधीच मागून घ्या, मिळायला दोन-तीन दिवस लागतात). तिथेही हीच औषधं सांगितली आणि नाशिकमध्येच घ्या म्हणाले. ऐकून दोघांनाही इतकं हायसं वाटलं की परतीच्या गाडीत दोघंही झोपलो. एक माहिती देऊन ठेवते, कॅन्सरच्या पेशंटला उपचारासाठी जाताना रेल्वेच्या तिकिटात सवलत असते, चेअर कारला ७५ टक्के, सोबत्यालाही तेवढीच, आणि स्लीपर व थ्री एसीला पेशंटचं भाडं पूर्ण माफ. रेल्वेचा ठरलेला फॉर्म असतो, त्यावर हॉस्पिटलच्या डॉक्टरांची सही-शिक्का लागतो आणि तिकीट रिझर्वेशनच्या खिडकीवर काढायचं.

केमोच्या आधी कॉलरबोनखाली पोर्ट बसवला. ही छोटीशी डबी कातडीच्या आत असते, सुई दरवेळी त्यातच टोचतात, हाताच्या शिरा वाचतात. खर्च साधारण पंचवीस हजार झाला. पहिले आठ-दहा दिवस त्या कुशीवर झोपता येत नाही आणि ब्लाऊजचा किंवा पर्सचा पट्टा तिथे घासतो, म्हणून मी माझ्यासाठी पुढून बटणं असलेले सुती कुर्ते शिवून ठेवले. पोर्टला सुई लावताना नर्सला बरं पडतं आणि आपल्यालाही सगळ्यांसमोर ओढाताण करावी लागत नाही.

१६ डिसेंबरला सोमवारी पहिली केमो. शनिवारीच तपासणीला रक्त दिलं होतं, सीबीसी म्हणजे रक्तपेशींची मोजणी, लिव्हर, आणि किडनीसाठी क्रिएटिनिन. लॅबचा मुलगा घरी येऊन घेऊन जायचा, हजाराच्या आत काम व्हायचं. सोमवारी सकाळी साडेनऊला पोचलो आणि औषध चालू व्हायला दीड वाजला, कारण मेडिक्लेमची मंजुरी आली नव्हती. हे दरवेळी धरूनच चाला. डबा, गरम पाण्याचा थर्मास, शाल, चार्जर, आणि कॅशलेसची कागदं एका फायलीत. पुढच्या वेळेपासून आम्ही दोन-तीन दिवस आधीच टीपीए डेस्कला (हॉस्पिटलमधल्या मेडिक्लेमच्या टेबलाला) जाऊन डॉक्टरांचा प्लॅन देऊन यायला लागलो, तरी मंजुरी यायची ती सोमवारीच पण निदान अकरा-साडेअकरापर्यंत.

सुई काढताना नर्स म्हणाल्या, "ताई, आजपासून गार काहीच नाही. पाणी नाही, फ्रिज नाही, थंड वारं पण नाही. घसा आवळला तर घाबरायचं नाही, गरम पाण्याचा घोट घ्यायचा." डॉक्टरांनीही सांगितलं होतं. पण नाशिकची डिसेंबरची थंडी, निफाडचा पारा रोज पेपरात पहिल्या पानावर, आणि त्यात गार टाळायचं म्हणजे काय काय टाळायचं हे घरी आल्यावरच कळतं. संध्याकाळी बेसिनचा नळ सोडला आणि बोटांना करंट बसल्यासारखं झालं. बोटं आपोआप आखडली, सरळ होईनात. रात्री साधं, फ्रिजमधलं नाही, नुसतं माठातलं पाणी प्यायले तर घशात काहीतरी अडकलंय, श्वास आत जात नाहीये असं वाटलं. खरंतर श्वास चालू असतो, घसा बंद झालेला नसतो, ऑक्झॅलिप्लॅटिनमुळे तिथल्या नसा थंडीला तशा वागतात. हे आधी माहीत होतं म्हणून मी बसून राहिले आणि मुलीने पाणी गरम करून आणलं, दोन-तीन मिनिटांत सुटलं. ज्यांना माहीत नसेल त्यांचा जीवच जाईल घाबरून, म्हणून इतकं सविस्तर लिहितेय.

तिसरी विचित्र गोष्ट म्हणजे जेवताना पहिला घास चावला की कानाखाली जबड्यात जोरात कळ यायची. दुसऱ्या-तिसऱ्या घासाला कमी, मग नाहीच. डॉक्टर म्हणाले हेही त्याच औषधाचं. मी मग पहिला घास पातळ घ्यायला लागले, वरण किंवा पेज, आणि हळू चावायचं.

मग घरात बदल सुरू झाले. फ्रिजच्या हँडलला लोकरीचे हातमोजे लटकवून ठेवले, मी फ्रिज उघडायला गेले की मुलगी अभ्यासाच्या खोलीतून ओरडायची, "आई, ग्लव्ह्ज!" सकाळची दुधाची पिशवी घ्यायला मी जायचं नाही, ते यांचं काम, यांची पहिली शिफ्ट असेल तर सासूबाईंचं. भाजी धुणं, तांदूळ धुणं, कणीक भिजवणं, सगळ्याला कोमट पाणी. माझं ताट-वाटी-पेला स्टीलचा बंद केला, काचेची बशी आणि चिनीमातीचा मग आला, चमचा लाकडी. त्याचा दुसरा फायदा असा झाला की तोंडाला जी धातूची चव येते ती थोडी कमी वाटायची. घरात चोवीस तास मोजे आणि स्लिपर, फरशीवर अनवाणी पाय टाकायचाच नाही. दाराची कडी, गॅलरीचं ग्रिल, गाडीची चावी हे सगळं ओढणीच्या टोकाने धरायचं. तुळशीला पाणी सासूबाई घालायच्या. आणि जे कोणी बोलत नाही ते पण लिहिते, संडासातला जेट स्प्रे. डिसेंबरमधल्या सकाळी गच्चीवरच्या टाकीचं पाणी कसं असतं ते सगळ्यांना माहितीये. तिथे झाकणाची बादली आणि मग ठेवला, आत जायच्या आधी कोणीतरी कोमट पाणी भरून द्यायचं. नंतर गीझरचाच एक नळ काढून घेतला, प्लंबरने बाराशे घेतले, माझ्या मते त्या सहा महिन्यांतला सगळ्यात उपयोगी खर्च.

बाहेर जाताना नाका-तोंडावर स्कार्फ. नाशिकमध्ये स्कूटीवरच्या सगळ्याच बायका बांधतात त्यामुळे कोणाला काही वेगळं वाटलं नाही.

पहिल्या सायकलला हे गारव्याचं पाच-सहा दिवस राहिलं आणि गेलं. प्रत्येक सायकलला ते लांबत जातं हे मात्र लक्षात ठेवा. चौथ्या सायकलनंतर तर पुढची केमो आली तरी आधीचं पूर्ण गेलेलं नव्हतं. मी एक साधी वही केली होती, रोज रात्री दोन ओळी, आज कुठे मुंग्या, किती वेळ, शौचाला किती वेळा, ताप, गोळ्या घेतल्या का. डॉक्टर केबिनमध्ये "काय त्रास?" विचारतात तेव्हा सगळं आठवत नाही, "ठीक आहे" असंच तोंडातून जातं. वही पुढे केली की ते नेमकं वाचून डोस ठरवतात.

आता गोळ्यांचं. मला पाचशे एमजीच्या तीन सकाळी आणि तीन रात्री होत्या. जेवण झाल्यावर अर्ध्या तासाच्या आत, साध्या पाण्याबरोबर (माझ्या बाबतीत कोमट), दोन डोसमध्ये बारा तास. म्हणजे सकाळी आठला पोटभर नाश्ता आणि रात्री आठला जेवण व्हायलाच पाहिजे. सकाळी सहाला उठून नुसता चहा पिऊन कामाला लागायची आयुष्यभराची सवय, ती बदलली. यांची शिफ्ट काही का असेना, घरातलं जेवण आठला ठरलं आणि सगळं घर त्या घड्याळावर आलं. महाशिवरात्र २६ फेब्रुवारीला आली तेव्हा सुदैवाने सुट्टीचा आठवडा नव्हता असं मी म्हणते, कारण गोळ्या चालू म्हणून उपास करायचा की नाही हा प्रश्नच आला नाही. सासूबाईंनीच सकाळी उपमा करून पुढ्यात ठेवला आणि म्हणाल्या, "तुझा उपास मी धरलाय, तू खा."

डोस चुकला तर पुढच्या वेळी डबल घ्यायचा नाही. गोळी घेतल्यावर उलटी झाली तर परत घ्यायची नाही, फोन करायचा. गोळी फोडायची, कुटायची नाही. आणि घरातल्या दुसऱ्या कोणी उघड्या हाताने धरायची नाही, आमच्याकडे मुलगी स्ट्रिप कापून माझ्या हातावर दाबून काढायची, तिचा हात लागायचा नाही. संडास वापरल्यावर झाकण लावून दोनदा फ्लश, माझे कपडे वेगळे भिजवायचे, कोणी बादली साफ केली तर रबरी हातमोजे. सलाईन झाल्यावर पहिले दोन दिवस हे फार काटेकोर, आणि गोळ्या रोजच चालू असतात म्हणून नंतरही आम्ही सोडलं नाही.

एक गोष्ट मला वाटतं सगळ्यांना माहिती पाहिजे. भेटायला येणारे लोक टॉनिक आणि मल्टिव्हिटॅमिन घेऊन येतात, प्रेमानेच आणतात. मी प्रत्येक बाटलीचा फोटो डॉक्टरांना दाखवायचे. त्यातल्या एकाला ते एकदम नाही म्हणाले, कारण त्यात फॉलिक ॲसिड होतं आणि कॅपेसिटाबिनबरोबर फॉलिक ॲसिडने गोळ्यांचे दुष्परिणाम वाढतात. व्हिटॅमिनने काय होतंय असं आपल्याला वाटतं, पण विचारून घ्या. कोणाला रक्त पातळ व्हायची वॉरफॅरिनची गोळी किंवा फिट्सची फेनिटॉइन चालू असेल तर तेही केमो सुरू व्हायच्या आधी सांगायलाच पाहिजे, त्यांचं आणि याचं जमत नाही.

जानेवारीत दुसरं सायकल झालं, संक्रांत त्यातच. हळदीकुंकू या वर्षी केलं नाही. लोक यायचे तेव्हा दोन प्रकारचे. एक येऊन रडायचे. दुसरे माझ्या डोक्याकडे बघून म्हणायचे, "केस तर आहेत की, मग फार स्ट्राँग नसेल तुमची केमो." हे ऐकून मला फार राग यायचा. प्रत्येक औषधाचं वेगळं असतं. केस राहिले म्हणजे औषध हलकं असं काही नसतं. शेवटी यांनी सगळ्या नातेवाईकांच्या ग्रुपवर लिहून टाकलं की केमोच्या पहिल्या आठवड्यात कोणी येऊ नका, सर्दी-खोकला असेल तर कधीच येऊ नका, आणि यायच्या आधी फोन करा. काही जण रागावले. पण त्यानंतर घरात शांतता आली, आणि ज्यांना खरंच मदत करायची होती त्यांनी डबे द्यायला सुरुवात केली. सिन्नरहून माझी बहीण दर सायकलच्या पहिल्या चार दिवसांना यायची, स्वयंपाक तिच्याकडे. फोडणीचा वास मला त्या दिवसांत सहन व्हायचा नाही म्हणून ती दार लावून, खिडकी उघडून करायची.

खाण्याचं म्हणाल तर पहिले चार-पाच दिवस मूगखिचडी, भाताची पेज, लापशी, गरम नाचणीची अंबील. ताक फ्रिजमधलं नाही, साध्या तापमानाचं. कच्ची कोशिंबीर बंद, बाहेरचं बंद. मला तिखट मिसळ फार आवडते, सहा महिने खाल्ली नाही, नुसती मटकीची उसळ पावाबरोबर खायचे तर्रीशिवाय. द्राक्षांच्या सीझनला मेहुण्यांनी त्यांच्या बागेतली पाठवली तेव्हा डॉक्टरांना विचारलं. ते म्हणाले भरपूर वाहत्या पाण्यात नीट धुऊन, फ्रिजमध्ये न ठेवता, थोडी खा, पण रक्तातल्या पांढऱ्या पेशी कमी असतील त्या आठवड्यात नको, सालं काढता येतात अशी फळं तेव्हा बरी. म्हणून मधल्या आठवड्यात केळी आणि संत्री, आणि सुट्टीच्या आठवड्यात द्राक्षं.

जुलाबाचा त्रास दुसऱ्या सायकलपासून होता. ओआरएस आणि डॉक्टरांनी दिलेली गोळी घरात आधीच आणून ठेवा. नेहमीपेक्षा चार वेळा जास्त झाले किंवा रात्री उठावं लागलं तर केमोच्या गोळ्या थांबवून फोन करा असं मला सांगितलं होतं. दोनदा तसं करावं लागलं.

ताप हा मात्र वाट बघायचा विषय नाही. १००.४ च्या वर गेला की रात्र असो, सण असो, हॉस्पिटल. क्रोसिन घेऊन झोपायचं नाही. फेब्रुवारीच्या शेवटी रात्री साडेअकराला माझा १०१ गेला. मुलीचा बारावीचा पेपर दुसऱ्या दिवशी. परीक्षा ११ फेब्रुवारीपासून चालू होती. आम्ही तिला सांगायचं नाही ठरवलं, पण ती जागीच होती, तिनेच बॅग आणून दिली. ती बॅग डिसेंबरपासून भरून दारामागे ठेवलेली, फाईल, आधार कार्ड, मेडिक्लेम कार्ड, एक गाउन, शाल. कॅज्युअल्टीत रक्त घेतलं, अँटिबायोटिक चढवलं, दोन दिवस ठेवलं. पांढऱ्या पेशी कमी होत्या पण फार नाही. मुलगी पेपरला एकटी गेली, सासूबाईंनी दही-साखर दिली हातावर. मला हॉस्पिटलात पडल्या पडल्या त्या पेपरचंच वाटत होतं. ५ मेला निकाल लागला, ७८ टक्के, आमच्यासाठी फार झाले.

मार्चमध्ये पाचवं सायकल १० तारखेला होतं. शनिवारी रिपोर्ट आला, प्लेटलेट ६८ हजार. पुढे ढकललं. मला रडू आलं, कारण आपण तारखा मोजत असतो, शेवटची तारीख कॅलेंडरवर गोल करून ठेवलेली असते, आणि सगळं एक आठवडा सरकतं. डॉक्टरांनी समजावलं की असं बऱ्याच जणांचं होतं आणि आठवडाभराने काही बिघडत नाही. पपईच्या पानांचा रस घ्या म्हणून पाच जणांनी सांगितलं, मी डॉक्टरांना विचारलं, त्यांनी नको सांगितलं, नाही घेतला. १७ मार्चला प्लेटलेट लाखाच्या वर आल्या आणि सायकल झालं. दोन दिवसांनी रंगपंचमी. आमच्या जुन्या नाशकात पेशवेकाळापासूनच्या रहाडी आहेत, जमिनीतले दगडी हौद, त्यात रंगाचं पाणी भरतात आणि लोक उड्या मारतात. माझं माहेर तिकडचंच. मी त्या दिवशी हातात गरम पाण्याची पिशवी धरून बसले होते आणि भाच्याने व्हिडिओ कॉलवर रहाड दाखवली.

याच सुमारास तळहात-तळपाय लाल व्हायला लागले. आधी नुसती आग, मग कातडी निघायला लागली. याला हँड-फूट सिंड्रोम म्हणतात, कॅपेसिटाबिनने होतं. गरम भांडं धरवत नाही, भाकरी थापता येत नाही, कणीक मळता येत नाही, कात्री धरली की अंगठ्यापाशी फोड. म्हणजे एकीकडे गार चालत नाही आणि आता गरमही चालत नाही, सगळं कोमट. युरियाचं क्रीम दिवसातून तीनदा, रात्री लावून सुती मोजे. कपडे घट्ट नको, चपला मऊ, फार चालायचं नाही. हे सुरू व्हायच्या आधीपासूनच क्रीम लावायला लागलं तर बरं, निदान मला डॉक्टरांनी सुरुवातीलाच क्रीम लिहून दिलं होतं आणि त्यामुळे फार चिघळलं नाही. तरी रात्रीच्या तीनच्या दोन गोळ्या केल्या. डोस कमी केला म्हणून मी घाबरले होते पण ते ठरवूनच करतात.

आणि मग बोटांचे ठसे गेले. खरंच गेले. आधी मोबाईल उघडेना. मग रेशनची ई-केवायसी करायला दुकानात गेलो तर मशीनवर अंगठा लागेना, दहाही बोटं लावून बघितली. दुकानदार म्हणाला परत या. कॅपेसिटाबिनने कातडी अशी निघते की ठसा उमटत नाही, हे डॉक्टरांना विचारल्यावर कळलं, त्यांनी लेटरहेडवर तसं लिहूनही दिलं. शेवटी मोबाईलवर मेरा ई-केवायसी ॲप आणि आधारचं फेस ॲप घेऊन चेहरा दाखवून केवायसी झालं. ज्यांचं केमो सुरू व्हायचंय त्यांनी अंगठ्याची जी काही कामं असतील, बँक, रेशन, सिम कार्ड, ती आधीच उरकून घ्या, आणि आधारला मोबाईल नंबर जोडलेला आहे ना ते बघून ठेवा म्हणजे ओटीपीने तरी काम होतं.

पैशाचं. सलाईनच्या दिवसाचं बिल औषधासकट वीस हजारांच्या आसपास यायचं, ते यांच्या कंपनीच्या ग्रुप मेडिक्लेममधून कॅशलेस. गोळ्यांचे मात्र एका सायकलचे सहा हजारांच्या जवळपास, ते आधी खिशातून. त्याचा क्लेम टाकला तर विमा कंपनीने नाकारला, कारण काय तर पेशंट ॲडमिट नाही, ही ओपीडीची औषधं. यांनी पॉलिसीचं पूर्ण पुस्तक वाचून काढलं. त्यात ओरल केमोथेरपी, म्हणजे तोंडाने घ्यायची केमो, असं स्पष्ट लिहिलेलं होतं. आयआरडीएआयने, म्हणजे विमा कंपन्यांवर देखरेख ठेवणाऱ्या सरकारी संस्थेने, ज्या आधुनिक उपचारांची यादी केली आहे आणि कंपन्यांना ते पॉलिसीतून वगळता येत नाहीत, त्यात ओरल केमोथेरपी आहे, फक्त कंपनी त्याला मर्यादा घालू शकते. ते पान जोडून, डॉक्टरांचं पत्र जोडून कंपनीच्या तक्रार विभागाला मेल केला, आणि उत्तर नाही आलं तर आयआरडीएआयच्या बीमा भरोसा पोर्टलवर तक्रार करू असंही लिहिलं. साधारण महिन्याने मर्यादेत बसतील तेवढे पैसे आले. प्रत्येक गोळीच्या बिलावर बॅच नंबर, पेशंटचं नाव आणि डॉक्टरांचं नाव पाहिजे, आणि रिकाम्या स्ट्रिप टाकू नका, आमच्याकडे मागितल्या होत्या.

माझ्या शेजारच्या खुर्चीवर सुरगाण्याकडच्या एक मावशी असायच्या, त्यांची सगळी केमो महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजनेतून झाली. या योजनेत आता कुटुंबाला वर्षाला पाच लाखांपर्यंत संरक्षण आहे आणि पांढरं रेशन कार्ड असलं तरी चालतं. योजनेतल्या हॉस्पिटलमध्ये आरोग्यमित्राचा (योजनेच्या मदतनिसाचा) टेबल असतो, रेशन कार्ड, आधार आणि बायोप्सीचा रिपोर्ट घेऊन आधी तिथे जायचं, उपचार सुरू व्हायच्या आधी. नंतर गेलं तर झालेला खर्च मिळत नाही. आणि जे इन्कम टॅक्स जुन्या पद्धतीने भरतात त्यांना अशा उपचाराच्या खर्चावर (१९६१ च्या आयकर कायद्यात कलम ८०डीडीबी) चाळीस हजारांपर्यंत वजावट मिळते, ज्येष्ठांना एक लाखापर्यंत, विम्याचे मिळालेले पैसे वजा करून. कॅन्सरच्या डॉक्टरांचं प्रिस्क्रिप्शन जपून ठेवा.

एप्रिलपासून ऊन वाढलं आणि मला वाटलं आता गारव्याचा त्रास संपला. पण उन्हाळ्यात लोक एसी, कूलर लावतात, पाहुण्यांकडे गेलं की पहिल्यांदा माठाचं पाणी पुढे येतं, उसाच्या रसात बर्फ. घरात सगळ्यांना उकडत होतं आणि मी मोजे घालून. हे लोक माझ्या खोलीत पंखाही हळू ठेवायचे, मुलीने आणि यांनी एक शब्द काढला नाही. बोटांचा बधिरपणा मात्र आता दोन सायकलच्या मध्येही राहायला लागला होता. कुर्त्याची बटणं लागेनात, सुईत दोरा ओवता येईना, पायाखाली फरशी आहे की गादी ते कळेना. वहीत रोज तेच. डॉक्टरांनी वही बघून २८ एप्रिल आणि १९ मे या शेवटच्या दोन सायकलमधून ऑक्झॅलिप्लॅटिन काढून टाकलं, फक्त गोळ्या. मला भीती वाटली की उपचार अर्धवट राहिला की काय. त्यांनी सांगितलं की शेवटीशेवटी हे औषध थांबवणं नेहमीचं आहे, कारण नसांचं नुकसान कायमचं झालं तर हातच जातील कामातून, आणि गोळ्या पूर्ण होणं महत्त्वाचं. बधिरपणा असेल तर लपवू नका एवढंच मी म्हणेन. शेवटपर्यंत नेटाने पूर्ण डोस घेतला म्हणून कोणी शाबासकी देत नाही.

शेवटच्या गोळ्यांनंतर मला वाटलं होतं की महिन्याभरात हात सुधारतील. उलट जून-जुलैत मुंग्या वाढल्या. हेही त्यांनी आधी सांगितलं होतं, औषध बंद झाल्यावर दोन-तीन महिने वाढू शकतं आणि मग हळूहळू उतरतं. रात्रीची एक गोळी दिली त्यासाठी. जमिनीवर पाय जपून टाकायचे, गरम पाण्याचा अंदाज कोपराने घ्यायचा, कारण बोटांना कळत नाही, विळी सासूबाईंनी माझ्यासमोरून उचलून ठेवली.

आता तळहाताची कातडी पूर्ण आली, ठसे पण आले, मोबाईल अंगठ्याने उघडतो. बोटांची टोकं अजून बधिर आहेत पण नळाचं पाणी सहन होतं. फॉल लावायची कामं परत घेतली आहेत, दोरा ओवायला मुलगी बसते किंवा मी तारेची ओवणी घेते, हुक-काज अजून दुसऱ्या बाईकडे देते. दर तीन महिन्यांनी सीईएची, म्हणजे आतड्याचा कॅन्सर परत येतोय का याचा अंदाज देणारी, रक्ततपासणी आहे, ऑपरेशनला वर्ष झालं की कोलोनोस्कोपी, सीटीही सांगितलाय. पोर्ट अजून आहे, वापरात नसला तरी ठरल्या तारखेला जाऊन धुऊन घ्यावा लागतो, पुढचा स्कॅन चांगला आला की काढू म्हणाले आहेत. गीझरचा तो नळ मात्र कायमचा ठेवलाय, सासूबाईंना गुडघेदुखीत थंडीत तोच लागतो.